पाहुण्या नातेवाइकांसोबत समुद्रकिनारी सुट्टी: पहिल्यांदाच जबाबदारी घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

बाहेरगावाहून किंवा परदेशातून आलेले नातेवाईक आणि आपले कुटुंब यांनी मिळून काही दिवस समुद्रकिनारी घालवायचे ठरवले, की सगळ्यांचे लक्ष साहजिकच खोल्यांचे आरक्षण आणि प्रवासाची तिकिटे यांकडे जाते. ती कामे आवश्यकच आहेत, पण अशी सहल बिघडते ती बहुधा त्यांच्यामुळे नव्हे. सोबत मोठी माणसे जितकी जास्त, तितके प्रत्येकाला वाटू लागते की अमुक गोष्ट दुसरे कोणीतरी पाहत असेल. औषधांची पिशवी दुसऱ्याने घेतली असेल, मुक्कामाचे उरलेले पैसे दुसऱ्याने भरले असतील, आणि सर्वांत गंभीर म्हणजे पाण्यात खेळणाऱ्या मुलांकडे दुसऱ्याचे लक्ष असेल. म्हणून या लेखात प्रत्येक पायरीवर एकच आग्रह धरला आहे: ज्या कामाला एका माणसाचे नाव जोडलेले नाही, ते काम कोणीच करणार नाही असे गृहीत धरावे आणि आधीच नाव ठरवून मोकळे व्हावे.

पहिली पायरी: तारखा ठरवण्यापूर्वी बोलणे

पाहुण्यांना नकार देणे अवघड जाते. यजमानाने उत्साहाने एखादा बेत मांडला, तर तो न परवडणारा असला किंवा प्रकृतीला न झेपणारा असला तरी ते बहुधा मान डोलावतात. म्हणून सर्वांच्या सामायिक गटात प्रश्न टाकण्याऐवजी प्रत्येक कुटुंबातील एका मोठ्या माणसाशी वेगळे बोलावे, आणि एकच बेत पुढे न करता खर्चाच्या दृष्टीने वेगवेगळे असे दोन-तीन पर्याय ठेवावेत, म्हणजे स्वस्त पर्याय निवडताना कोणालाही संकोच वाटत नाही. याच बोलण्यात चार गोष्टी विचारून घ्याव्यात: साधारण किती खर्च करता येईल, कोणाला कोणता आजार किंवा अॅलर्जी आहे, कोणाला पोहता येते आणि कुठे पोहण्याची सवय आहे, आणि या सुट्टीत त्यांना नेमके काय हवे आहे. शेवटचा प्रश्न औपचारिक वाटतो, पण त्याचे उत्तर पुढचे अनेक रुसवे टाळते. कोणाला भावंडांशी निवांत गप्पा मारायच्या असतात, कोणाला मुलांना पहिल्यांदा समुद्र दाखवायचा असतो, तर कोणाला केवळ झोप हवी असते, आणि हे तिघेही रोज सकाळी सातला एकत्र बाहेर पडणार असतील तर तिसऱ्या दिवशी कोणीच खूश राहत नाही.

पैशांचा विषय याच टप्प्यावर स्पष्ट व्हायला हवा. माझ्या मते राहण्याचा खर्च खोल्यांनुसार आणि जेवणाखाण्याचा खर्च माणसांनुसार वाटावा. लहान मुलांचा हिस्सा निम्मा धरावा किंवा अजिबात धरू नये, पण जे काही असेल ते आधी ठरवावे. एकट्या आलेल्या आत्याला किंवा अविवाहित मामाला बैठकीच्या खोलीतील पलंग द्यायचा आणि हिस्सा मात्र पूर्ण खोलीचा घ्यायचा, हे अन्यायाचे आहे. असे झाले तर ती व्यक्ती काही बोलणार नाही, पण पुढच्या वेळी येणारही नाही. निघण्यापूर्वी सर्वांनी ठरावीक रक्कम एका समाईक निधीत जमा करावी आणि तो निधी एकाच व्यक्तीने सांभाळावा. प्रत्येक छोट्या खर्चाच्या वेळी पाकीट कोणी काढायचे याची ओढाताण त्यामुळे संपते. आरक्षण रद्द झाल्यास किती पैसे परत मिळतात हेही त्या व्यक्तीने वाचून सर्वांना लेखी कळवावे, कारण पाहुण्यांच्या प्रवासात ऐन वेळी बदल होण्याची शक्यता आपल्यापेक्षा जास्त असते.

दुसरी पायरी: किनारा आणि मुक्काम निवडणे

छायाचित्रांत सुंदर दिसणारा, निर्जन किनारा कुटुंबासाठी योग्य असतोच असे नाही. ज्या गटात लहान मुले, वृद्ध आणि पोहता न येणारी माणसे आहेत, त्या गटाने जीवरक्षक असलेलाच किनारा निवडावा, आणि जीवरक्षक कोणत्या दिवसांत व किती वाजेपर्यंत हजर असतात याची चौकशी आधीच करावी. दुसरा निकष उताराचा आहे. ज्या किनाऱ्यावर तळ हळूहळू खोल होत जातो, तिथे लाटा दूरवर फुटून कमी जोराने काठापर्यंत पोहोचतात. जिथे वाळूचा उतार तीव्र असतो, तिथे लाट थेट काठावरच आदळते, आणि गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसालाही खाली पाडते. अशा आदळणाऱ्या लाटांमुळे मानेला आणि खांद्याला गंभीर इजा होतात, म्हणून ज्येष्ठांनी अशा ठिकाणी पाण्यात उतरू नये आणि कोणीही समुद्राकडे पाठ करून उभे राहू नये.

मुक्कामाची जागा निवडताना समुद्र खिडकीतून दिसतो का, यापेक्षा जिने किती आहेत, स्नानगृहे किती माणसांत किती आहेत, आणि लहान मुलांना झोपवल्यावर मोठ्यांना बसायला वेगळी जागा आहे का, हे पाहावे. वयस्कर माणसांना तळमजल्यावरची आणि स्नानगृहाजवळची खोली द्यावी. जिथे पोहण्याचा तलाव आहे, तिथे त्याभोवती कुंपण आणि आपोआप बंद होणारे फाटक आहे का, हे विचारणे अत्यंत गरजेचे आहे. लहान मुले बुडण्याचे प्रसंग अनेकदा पोहण्याच्या वेळेत नव्हे, तर सगळे सामान लावत असताना किंवा जेवणाची तयारी सुरू असताना घडतात. किनाऱ्याकडे उघडणाऱ्या दाराला मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर कडी असेल तर उत्तमच.

आल्यावर पिशव्या सोडण्यापूर्वी अर्धा तास काढून हे सर्व प्रत्यक्ष पाहावे. बाल्कनीच्या गजांमधील अंतर, निसरड्या फरशा, तलावाचे फाटक आणि किनाऱ्याची वाट मुलांना बरोबर घेऊन पाहिली, की कुठे एकटे जायचे नाही हे त्यांना दाखवून सांगता येते. त्याच वेळी मुक्कामाचा पूर्ण पत्ता, त्या ठिकाणचा आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक आणि जवळच्या रुग्णालयाचे नाव एका कागदावर लिहून दारामागे लावावे. घाबरलेल्या पाहुण्याला फोनवर आपण कुठे आहोत हे सांगता येत नाही, आणि मदत पोहोचायला नेमका तोच वेळ वाया जातो.

तिसरी पायरी: भरती-ओहोटीनुसार दिवस आखणे

समुद्राजवळ न राहिलेल्या माणसांना ही पायरी सहसा ठाऊक नसते, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि लागोपाठच्या दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. पहिल्या दिवशी सकाळी दहाला ज्या जागी मुले वाळूत खेळली, त्याच जागी पाचव्या दिवशी सकाळी दहाला वेगळीच स्थिती असते. काही किनाऱ्यांवर दिवसाला एकच भरती येते, म्हणून त्या ठिकाणचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहणे हाच खात्रीचा मार्ग आहे. हे कोष्टक पाहून रोज रात्री दुसऱ्या दिवसाच्या वेळा सर्वांना सांगण्याचे काम एका व्यक्तीकडे द्यावे. घरातील मोठ्या मुलांना हे काम फार आवडते आणि ते ती मनापासून करतात.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते. त्या दिवसांत पाणी नेहमीपेक्षा वर चढते आणि ओहोटीला नेहमीपेक्षा दूर जाते. अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगाच्या भरतीच्या दिवसांत, हा फरक कमी असतो. तारखा बदलण्याची मुभा असेल आणि गटात लहान मुले जास्त असतील, तर भांगाचे दिवस अधिक सोयीचे पडतात. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी की भरतीचे पाणी सहाही तास सारख्या वेगाने चढत नाही. सुरुवातीला आणि अखेरीला ते संथ असते आणि मधल्या दोन तासांत एकूण चढाच्या जवळजवळ निम्मा चढ होतो. म्हणून ओहोटीच्या वेळी खडकांवर किंवा वाळूच्या उंचवट्यावर चालत गेलेल्या मंडळींनी पाणी वळल्याबरोबर परत फिरावे. अजून पुष्कळ वेळ आहे असे वाटत असतानाच मागची वाट पाण्याखाली जाते.

वाऱ्याचाही विचार करावा. सर्वसाधारणपणे रात्रीपासून सकाळपर्यंत जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे आणि दुपारी समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहतात. मतलई वारा असताना समुद्र शांत आणि सपाट दिसतो, आणि म्हणूनच तो फसवा असतो: हवा भरलेल्या रिंगा, गाद्या आणि खेळण्यांच्या होड्या त्यावर बसलेल्या मुलासकट काही मिनिटांत खोल पाण्याकडे सरकतात. माझा स्पष्ट सल्ला असा आहे की अशी खेळणी तलावापुरतीच ठेवावीत आणि समुद्रात नेऊच नयेत. ती सुरक्षिततेची साधने नाहीत. ज्यांना पोहता येत नाही त्यांना मापाचे, पट्टे नीट आवळलेले लाइफ जॅकेट घालावे.

चौथी पायरी: सामान

सामानाच्या याद्या सर्वत्र मिळतात, त्यामुळे इथे फक्त तेच सांगतो जे अनेक कुटुंबांच्या एकत्र प्रवासात हमखास राहून जाते. रोजची औषधे प्रत्येकाने स्वतःच्या हातातील पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि दोन-तीन दिवस जास्तीची अशी ठेवावीत. प्रथमोपचाराची पेटी एकच असावी, पण ती भरून आणणारी आणि किनाऱ्यावर सोबत नेणारी व्यक्ती एकच हवी. तिच्यात चिमटा, पट्ट्या, जंतुनाशक, ओआरएसची पाकिटे आणि तापमापक असावा. मुलांचे पोहण्याचे कपडे भडक केशरी, पिवळ्या किंवा गुलाबी रंगाचे घ्यावेत, कारण निळे, पांढरे आणि राखाडी कपडे घातलेले मूल पाण्यात चटकन दिसेनासे होते. एक शिट्टी घ्यावी. तिचा उपयोग पुढच्या पायरीत सांगितला आहे.

पाचवी पायरी: पाण्यावरचा पहारा

या लेखातील बाकी काहीही विसरले तरी चालेल, पण ही पायरी विसरू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मरण पावली, आणि त्यांत लहान मुलांचे प्रमाण मोठे होते. बुडणारे माणूस हात हलवून, ओरडून मदत मागेल अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात तसे क्वचितच होते. ज्याला श्वासच घेता येत नाही त्याला ओरडता येत नाही, आणि ज्याचे हात तोंड पाण्याबाहेर ठेवण्यासाठी आपोआप बाजूंनी पाणी दाबत असतात त्याला ते हलवता येत नाहीत. शरीर उभे राहते, पाय फारसे मारले जात नाहीत, डोके मागे झुकते, तोंड पाण्याच्या पातळीवर वर-खाली होते, आणि पाहणाऱ्याला वाटते की मूल खेळत आहे. मूल बुडायला एका मिनिटापेक्षाही कमी वेळ लागू शकतो. पाच मोठी माणसे तीन मीटर अंतरावर गप्पा मारत असतानाही हे घडू शकते.

म्हणून नियम असा ठेवावा की कोणतेही मूल पाण्यात असेल तेव्हा एक ठरलेली मोठी व्यक्ती पहाऱ्यावर असेल. तिच्या गळ्यात शिट्टी असेल. ती फोन पाहणार नाही, पुस्तक वाचणार नाही, छायाचित्रे काढणार नाही आणि तिने मद्य घेतलेले नसेल. पंधरा ते वीस मिनिटांनी पहारा बदलावा, कारण त्यापुढे लक्ष विचलित होऊ लागते; आणि बदलताना शिट्टी हातात देऊन पुढच्या व्यक्तीने 'आता मी पाहते आहे' असे तोंडाने म्हणावे. नुसत्या नजरेच्या खुणेवर पहारा बदलू नये. हा प्रकार पाहुण्यांना सुरुवातीला अवघडल्यासारखा वाटतो, पण पहिल्याच दिवशी घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीने तो सर्वांसमोर सांगितला, तर पुढे कोणी त्याला हरकत घेत नाही. शिवाय याचा एक मोठा फायदा असा की ज्यांची पाळी नाही त्या आई-वडिलांना खऱ्या अर्थाने विश्रांती मिळते.

पाच वर्षांखालील मुलांसाठी एवढा पहारा पुरत नाही. त्यांच्यासोबत एक मोठे माणूस पाण्यातच, हात लांब केला तर मूल हाती येईल इतक्या अंतरावर हवे. थोरल्या भावंडांवर किंवा चुलत भावंडांवर ही जबाबदारी टाकू नये. बारा वर्षांच्या मुलीचे लक्ष खेळात जाणारच, आणि काही वाईट घडले तर त्याचे ओझे ती जन्मभर वाहील.

पाण्यात उतरण्याआधी किनाऱ्यावरील बावटे आणि फलक वाचावेत. अनेक देशांत वर लाल आणि खाली पिवळा अशा दोन पट्ट्यांचे बावटे जीवरक्षकांच्या देखरेखीचा भाग दाखवतात आणि पोहणे त्या दोन बावट्यांच्या मधेच असते. लाल बावटा धोका दाखवतो, तर दोन लाल बावटे म्हणजे पाणी पूर्णपणे बंद. जांभळा बावटा दंश करणाऱ्या सागरी जिवांची सूचना देतो. पाहुणे दुसऱ्या देशातील असतील तर त्यांच्याकडील खुणा थोड्या वेगळ्या असू शकतात, म्हणून त्यांना सोबत घेऊन फलक दाखवणे चांगले.

आता रिप करंटविषयी. लाटांसोबत किनाऱ्याकडे आलेले पाणी परत जाताना काही ठिकाणी एका अरुंद पट्ट्यातून जोराने समुद्राकडे वाहते. या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, पाणी आजूबाजूपेक्षा गडद आणि शांत दिसते, कधी फेस किंवा शेवाळ बाहेरच्या दिशेने जाताना दिसते. आणि नवख्या माणसाला पोहायला नेमकी हीच जागा सुरक्षित वाटते. या प्रवाहाचा वेग एरवी कमी असला तरी कधीकधी सेकंदाला सुमारे अडीच मीटरपर्यंत जातो, म्हणजे निष्णात जलतरणपटूलाही त्याच्याविरुद्ध पोहता येणार नाही. तो माणसाला तळाशी ओढत नाही, किनाऱ्यापासून दूर नेतो. माणसे दमतात ती उलट दिशेने झगडून. त्यात सापडल्यास प्रथम तरंगत राहावे, एक हात वर करून मदत मागावी, आणि शक्ती असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर यावे, मग फुटणाऱ्या लाटांच्या दिशेने तिरके काठाकडे वळावे. हे वाळूवर रेघा काढून मुलांना आणि पाहुण्यांना आधी समजावून सांगावे. ज्यांना केवळ तलावात पोहण्याची सवय आहे, त्यांनाही ते सांगावे. तलावात ओढ नसते, लाट नसते, आणि दमल्यावर धरायला कठडा असतो.

कोणी अडचणीत दिसल्यास नात्यातील माणसे मागचा-पुढचा विचार न करता पाण्यात उड्या घेतात, आणि वाचवायला गेलेलाच बुडाल्याच्या घटना वारंवार घडतात. आधी जीवरक्षकाला हाक मारावी, आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा, आणि तरंगणारी कोणतीही वस्तू, मग ती रिंग असो, चेंडू असो किंवा रिकामा मोठा डबा असो, त्या माणसाकडे फेकावी. बाहेर काढलेले माणूस बेशुद्ध असेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर लगेच सीपीआर, म्हणजे छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन करायचा प्रथमोपचार, सुरू करावा. बुडालेल्या माणसाला हवेची गरज सर्वांत आधी असते, म्हणून ज्यांनी प्रशिक्षण घेतले आहे त्यांनी तोंडाने श्वास देण्यापासून सुरुवात करावी आणि मग ३० दाब व २ श्वास असा क्रम ठेवावा. दाबांचा वेग मिनिटाला १०० ते १२० असावा. पोट दाबून पाणी काढत बसू नये. सुट्टीपूर्वी प्रत्येक कुटुंबातील किमान एकाने हे प्रशिक्षण घेतलेले असावे, असे मला मनापासून वाटते.

मूल दिसेनासे झाले तर प्रथम पाण्याकडे पाहावे, मग वाळूवर शोधावे. रोज सकाळी किनाऱ्यावर जाताना मुलांचे त्या दिवशीच्या कपड्यांत एक छायाचित्र काढून ठेवले, तर वर्णन सांगताना गोंधळ होत नाही. चुकामूक झाल्यास कुठे उभे राहायचे ती जागाही ठरलेली हवी, आणि ती हलणारी छत्री किंवा उभी केलेली गाडी नसून जीवरक्षकांचा मनोरा किंवा एखादी पक्की इमारत असावी.

वाळूतही एक धोका असतो, ज्याची कल्पना फार थोड्यांना असते. मुलांनी खणलेल्या खोल खड्ड्याच्या किंवा भुयाराच्या भिंती अचानक ढासळतात आणि आत असलेले मूल गाडले जाते. वाळू इतक्या झपाट्याने पुन्हा भरते की उपसणे कठीण होते. गटातील सर्वांत लहान मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल खड्डा खणू देऊ नये आणि निघताना सर्व खड्डे बुजवावेत. समुद्राचे पाणी अचानक, ओहोटीची वेळ नसताना दूर मागे हटलेले दिसले किंवा जोराचा भूकंप जाणवला, तर कुतूहलाने पुढे न जाता लगेच उंच जागी जावे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अनेक किनाऱ्यांवर पाणी असेच आधी ओसरले होते. गडगडाट ऐकू आल्यास सर्वांनी पाण्याबाहेर येऊन इमारतीत किंवा बंद गाडीत थांबावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी पुन्हा पाण्यात जाऊ नये.

सहावी पायरी: ऊन, दंश आणि थकवा

थंड प्रदेशातून आलेल्या नातेवाइकांना ऊन हवेहवेसे वाटते, आणि पहिल्याच दिवशी त्यांची त्वचा भाजून निघते. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान पडत असेल तर अतिनील किरणे तीव्र आहेत असे समजावे आणि ती वेळ सावलीत काढावी. ढगाळ हवेतही ही किरणे बऱ्याच प्रमाणात खाली येतात, आणि वाळू व फेस यांवरून ती परावर्तितही होतात, त्यामुळे छत्रीखाली बसूनही अंगभर कपडे आणि टोपी लागते. सनस्क्रीन किमान एसपीएफ ३० चे असावे, बाहेर पडण्याच्या १५ ते ३० मिनिटे आधी लावावे, आणि दर दोन तासांनी तसेच पाण्यातून आल्यावर पुन्हा लावावे. बहुतेक लोक ते फार कमी लावतात. मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगाला सुमारे ३५ मिलिलिटर, म्हणजे सहा-सात चमचे लागते. सहा महिन्यांखालील बाळांना सनस्क्रीनवर न विसंबता सावलीत आणि सुती कपड्यांतच ठेवावे.

लघवीचे प्रमाण वाढवणारी किंवा रक्तदाबाची औषधे घेणाऱ्या ज्येष्ठांना उन्हाचा त्रास लवकर होतो, आणि वाढत्या वयात तहानही कमी जाणवते. त्यांनी तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी घ्यावे, हे पाहणाऱ्या व्यक्तीचेही नाव ठरवावे; ज्यांना पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. चक्कर, मळमळ, भरपूर घाम आणि डोकेदुखी दिसल्यास सावलीत झोपवून पाय उंच करावेत, अंगावर पाणी मारून वारा घालावा. बोलणे असंबद्ध झाले, शुद्ध हरपू लागली किंवा ताप ४० अंश सेल्सिअसच्या पुढे गेला, तर हा उष्माघात आहे असे समजून तत्काळ वैद्यकीय मदत बोलवावी आणि ती येईपर्यंत शरीर थंड करत राहावे; अशा माणसाला काहीही पाजू नये. याच्या उलट, पाणी १५ अंशांपेक्षा थंड असेल तर एकदम उडी मारल्यावर श्वास अनावर होतो आणि पाणी छातीत जाऊ शकते. हृदयविकार असलेल्यांनी असे पाणी टाळावे आणि इतरांनी हळूहळू उतरावे.

जेलीफिशचा दंश झाल्यास चोळू नये आणि गोडे पाणी ओतू नये. समुद्राच्याच पाण्याने धुऊन चिकटलेले तंतू चिमट्याने काढावेत, आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीसेक मिनिटे ठेवावा. व्हिनेगर काही जातींवर उपयोगी पडते आणि काहींवर नाही, म्हणून जीवरक्षकाला विचारूनच ते वापरावे. लघवी लावण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नये. काठावर पडलेली मेलेली जेलीफिशही दंश करते, हे मुलांना आवर्जून सांगावे. उथळ वाळूत पाकट मासे लपलेले असतात. पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूवर घासत चालले, तर ते चाहूल लागून दूर जातात. श्वास घेण्यास त्रास, चेहऱ्यावर सूज किंवा अंगभर पुरळ दिसल्यास घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

सातवी पायरी: एकत्र राहणे

लांबून आलेल्या पाहुण्यांचा पहिला दिवस पूर्ण मोकळा ठेवावा. अनेक कालविभाग ओलांडून आलेल्या माणसाचे शरीर दिवसाला साधारण एका तासाच्या फरकाशी जुळवून घेते, आणि झोप न झालेल्या माणसाने समुद्रात पोहणे किंवा मुलांवर पहारा ठेवणे दोन्ही धोक्याचे आहे.

स्वयंपाक आणि आवराआवर ही कामे न सांगता ठरावीक दोन-तीन स्त्रियांच्या अंगावर पडतात, आणि मग सुट्टी बाकीच्यांची होते, त्यांची होत नाही. रोज दोन माणसांची जोडी, शक्यतो वेगवेगळ्या कुटुंबांतील एकेक, त्या दिवसाच्या जेवणाची जबाबदारी घेईल असे लिहूनच ठेवावे. यजमान घरातील पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी पहिल्या दिवशी नाव लावले, तर पाहुण्यांना आपणही मदत करावी की नाही हा संकोच राहत नाही. सासूबाई किंवा वन्संना स्वयंपाकघरापासून दूर ठेवणे त्यांना आवडेलच असे नाही, त्यामुळे त्यांना विचारूनच त्यांचे काम ठरवावे.

चार दिवसांपेक्षा जास्त मुक्काम असेल तर मधला एक दिवस कोणताही सामायिक कार्यक्रम न ठेवता सोडावा. एकत्र आलो आहोत म्हणजे प्रत्येक क्षण एकत्रच घालवला पाहिजे, हा आग्रह नात्यांना जड जातो. ज्यांना किनाऱ्यावर जायचे नाही त्यांना खोलीत राहू द्यावे आणि त्याचे कारण विचारू नये. मुलांची छायाचित्रे, विशेषतः पोहण्याच्या कपड्यांतील, समाजमाध्यमांवर टाकण्यापूर्वी त्यांच्या आई-वडिलांची परवानगी घ्यावी, आणि मुक्कामाचे ठिकाण सुट्टी संपेपर्यंत जाहीर करू नये.

आठवी पायरी: परतणे

पाहुण्यांपैकी कोणी पाठीवर हवेचे नळकांडे बांधून (स्कूबा) खोल पाण्यात डुबकी घेणार असेल, तर ती मुक्कामाच्या सुरुवातीच्या दिवसांत ठेवावी. एका डुबकीनंतर किमान १२ तास आणि अनेक डुबक्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास करू नये, असा गोताखोरांसाठीचा सर्वमान्य सल्ला आहे, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन हवेचा दाब कमी झाल्यावर बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. उंच घाटातून गाडीने जाण्यालाही हीच काळजी लागते. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी समाईक निधी सांभाळणाऱ्या व्यक्तीने सर्व खर्च वाचून दाखवावा, उरलेली रक्कम तिथेच परत करावी किंवा कमी पडलेली मागून घ्यावी. एकदा पाहुणे आपापल्या गावी पोहोचले, की पैशांची आठवण करणे दोन्ही बाजूंना जड जाते. फ्रिजमधील औषधे, दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि भिंतीतल्या प्लगला लावलेले चार्जर या तीन जागा निघताना पाहण्याचे काम ज्याच्याकडे असेल, त्याने सर्वांत शेवटी घराबाहेर पडावे.